साखराबाईच्या तळपायातली हाक

लातुरात त्या काळी हादरा हा शब्द कुणी उगाच उच्चारत नसे. भूकंपाला सात वर्षं होत आली होती, तरी गल्लीतून जड ट्रक गेला आणि मांडणीवरची भांडी वाजली की बायका चूल सोडून दारात यायच्या, एकमेकींकडे बघून कसनुशा हसायच्या आणि पुन्हा आत जायच्या. अशा शहरात एका बाईच्या पायाखाली रोज जमीन हलायला लागली आणि तिनं ते कुणालाच सांगितलं नाही. कारण ती घाबरली नव्हती. तिला ते हवं होतं.

ही बाई म्हणजे साखराबाई. कोचिंग क्लासच्या मागच्या गल्लीत फरीदाभाबीचं दुमजली घर होतं. वरच्या खोल्यांत अकरावी-बारावीच्या पोरी भाड्यानं राहायच्या आणि मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये साखराबाई त्यांची मेस चालवायची. तेव्हा सारा मराठवाडा आपापली पोरं घेऊन लातूरकडे धावत होता. देगलूरचा कुणी, मुरुडचा कुणी बाप पोरीची पेटी उतरवायचा, पोरीला डॉक्टर करायचीच असं दहादा बजावायचा आणि जाताना साखराबाईला म्हणायचा, मावशी, लक्ष असू द्या. लिंगायताची बाई मुसलमानाच्या अंगणात रांधते म्हणून सुरुवातीला काहींनी नाकं मुरडली होती. पण तिच्या हातची शेंगदाण्याची आमटी एकदा खाल्ली की मुरडलेली नाकं आपसूक सरळ व्हायची, असा आमच्या लोकांचा धर्म.

ती मूळची किल्लारीच्या अलीकडच्या एका खेड्यातली. नवरा आधीच साप चावून गेला होता. घरात ती, एक म्हैस आणि कांती. कांती म्हणजे शिवकांता, आठ वर्षांची पोर. दुधावरची साय बोटानं काढून खायची आणि पकडली की तोंड पुसत आईला म्हणायची, अव्वा, मांजर आलं होतं. त्र्याण्णव सालच्या त्या पहाटे घर खाली आलं. साखराबाईला तुळईखालून काढलं ते थेट सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. ती शुद्धीवर येऊन परत गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. धाकटा भाऊ गुरुबसप्पा तिला बांधाकडे घेऊन गेला, तिथला एक पांढरा दगड दाखवला आणि म्हणाला, "अक्का, आपल्या रीतीनं बसवून, विभूती लावून माती दिली. हितं हाय कांती." लिंगायत आपलं माणूस जाळत नाहीत, मातीच्या हवाली करतात. साखराबाईनं त्या दगडाशेजारच्या मातीवर हात ठेवला आणि ती रडली नाही. माती ऊनऊन लागत होती, असं तिनं पुढं फरीदाभाबीला सांगितलं.

रडली नाही, पण त्याच दिवशी तिनं दूध सोडलं. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्याच्या नावानं सोडायचं, ही आपल्याकडची जुनी चाल. कुणी वांगं सोडतं, कुणी गूळ सोडतं, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. साखराबाईनं मात्र दूध म्हणजे दही, ताक, लोणी, तूप, चहातलं दूधसुद्धा सोडलं. अंडं-मटण घरात कधी नव्हतंच. सात वर्षं ती ज्वारीची भाकरी, आमटी, भाजी आणि काळा चहा यांवर जगली. पोरींच्या ताटात दह्याची वाटी वाढायची आणि तो हात लुगड्याला पुसायची. यात कुणाला काय चूक दिसणार? उलट बायका तिला हात जोडायच्या.

पहिल्यांदा मुंग्या आल्या. पावलांना, मग घोट्यांपर्यंत. दिवसभर उभं राहून होतं, असं म्हणून तिनं सोडून दिलं. मग फरशी मऊ लागायला लागली, कापसावर चालल्यागत. मग एके दुपारी, पोरी क्लासला गेलेल्या, फरीदाभाबी वर शिलाई मशीनवर, शेडमध्ये कुणी नाही आणि साखराबाई परातीत पीठ घेऊन उभी असताना जमिनीतून गुणगुण सुरू झाली. बारीक, एकसारखी, तळव्यांतून वर चढणारी. तिनं मांडणीकडे बघितलं. एक भांडं हलत नव्हतं. हंड्यातलं पाणी निवांत होतं. फक्त तिच्या पायांखालची तेवढी जमीन थरथरत होती.

काय आहे म्हणून तिनं मान खाली घातली आणि त्याच क्षणी मानेपासून पाठीच्या कण्यातून थेट पावलांपर्यंत वीज उतरली. ती दचकली, मान वर केली. वीज गेली. पुन्हा मान वाकवली, पुन्हा आली. खाली बघितलं की उत्तर यायचं, वर बघितलं की बंद. तुम्ही-आम्ही असतो तर बोंब मारत रस्त्यावर गेलो असतो. साखराबाई पिठाचे हात तसेच ठेवून खाली बसली आणि हळूच म्हणाली, "कांते?"

त्या दिवशी नुसतीच वीज आली. पंधरवड्यानं आवाजही आला. "अव्वा." स्पष्ट नाही, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा. पण आईला ओळखायला तेवढा पुरे असतो.

तेव्हापासून दुपार हा तिचा सणाचा वेळ झाला. पोरी गेल्या की ती दार लोटायची, चटई गुंडाळून ठेवायची, अनवाणी उभी राहायची आणि मान खाली घालायची. तुझी म्हैस गुरूमामानं विकली गं, असं सांगायची. आज पोरींना भरली वांगी केली म्हणायची. थांबायची, ऐकायची, मग हसायची. एकदा निलंग्याची एक पोर ताप आला म्हणून क्लासमधून लवकर परतली आणि तिनं दाराच्या फटीतून हे पाहिलं. मावशी रिकाम्या जमिनीकडे बघून विचारत होत्या, "आणि तिथं अंधार लई हाय का गं?" पोर ताप विसरून वर पळाली. त्या रात्री वरच्या खोल्यांतली एकही पोर एकटी मोरीत गेली नाही.

इकडे साखराबाईचं शरीर खंगत चाललं होतं. चेहरा पिवळट पांढरा, जीभ लालबुंद आणि गुळगुळीत, तिखटाचा घास घेतला की डोळ्यांत पाणी. मीठ दोनदा टाकायची, नाहीतर विसरायची. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा. लाईट गेली की भिंत धरल्याशिवाय तिला पाऊल टाकता येत नव्हतं, कारण डोळ्यांना दिसलं नाही तर पाय कुठं आहेत हेच तिला कळत नसे. फरीदाभाबीनं ओळखीच्या एका नर्सकडून रक्तवाढीच्या लाल गोळ्या आणून दिल्या. दोन महिन्यांत गालावर रंग आला. गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला. साखराबाईही खूश होती, पण तिचं कारण वेगळं होतं. रंग आला तशी जमीन जास्त हलायला लागली होती. आता दुपारची वाट बघायला लागत नव्हती, पोर दिवसभर बोलवत होती.

मग तो निखारा पडला. संध्याकाळची पंगत चालू होती. चुलीतून एक निखारा घरंगळून बाहेर आला आणि वाढता वाढता साखराबाईचा पाय त्यावर पडला. पडला तो तिथंच राहिला. ती भात वाढत होती, कुणाला आमटी हवी विचारत होती. पोरींना वास आला. काहीतरी करपतंय म्हणून त्या तव्याकडे बघायला लागल्या. एकीनं खाली बघितलं आणि किंकाळी फोडली. साखराबाईनं त्या पोरीला विचारलं, "काय झालं गं, विंचू हाय का?"

फरीदाभाबी कधी कुणाला घाबरली नव्हती, पण किंकाळी ऐकून ती धावत खाली आली आणि तो पाय बघून घाबरली. "पांव जल गया आणि तुम्हाला पत्ता नाही! हे भूताखेताचं असो नाहीतर कशाचं, उद्या दवाखाना," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं साखराबाईला जवळजवळ ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं डॉक्टर आनंदराज होते. बोलायला कमी, बघायला जास्त. त्यांनी जखम धुऊन बांधली आणि मग भलतंच सुरू केलं. जीभ बघितली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. चिमट्यासारखं दोन दांड्यांचं एक हत्यार हातावर ठोकलं. ते गुणगुणायला लागल्यावर तिच्या घोट्याच्या हाडाला टेकवलं.

"काय जाणवतंय, बाई?"

"काय न्हाई. गार लोखंड."

त्यांनी तेच तिच्या कपाळाला टेकवलं. ती चपापली. हत्यार थरथरत होतं, चांगलंच. पुन्हा घोट्याला टेकवलं, थरथर गायब. फरीदाभाबीनं बोट लावून बघितलं, तिला थरथर जाणवली. खरीखुरी थरथर पायाला टेकली होती आणि साखराबाईच्या पायाला तिचा पत्ता नव्हता. मग जी थरथर कुणालाच कळत नाही ती तिला कशी कळायची? हा प्रश्न तिच्या मनात तेव्हाच उठला आणि तिनं तो तिथंच दाबला.

"पाय जुळवून उभ्या राहा. आता डोळे मिटा."

तिनं डोळे मिटले आणि झाड तुटावं तशी ती आडवी झाली. डॉक्टर तयारच होते, त्यांनी धरलं. मान वाकवली की वीज उतरते का, कुणी हाक मारतं का, असं त्यांनी विचारलं आणि ती हो म्हणाली. मग त्यांनी विचारलं, काय खाता, काय नाही. दुधाचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी सांगितलं ते असं. ब बारा नावाचं एक जीवनसत्त्व आहे. ते भाजी-भाकरीत नसतं. दूध-दही, अंडी, मटण, मासळी यांतूनच मिळतं. शरीर त्याचा साठा करून ठेवतं, म्हणून सोडल्यावर काही वर्षं कळतसुद्धा नाही. साठा संपला की रक्त बिघडतं आणि शिरांवरचं वेष्टन झिजतं. वायरवरचं प्लास्टिक निघालं की ठिणग्या उडतात, तशी ती मानेतून उतरणारी वीज. मुंग्या, गुणगुण, तोल जाणं, विसरणं, कुणी हाक मारल्याचा भास, हे सगळं एकाच उपासाचं. त्या लाल गोळ्यांमधल्या औषधांनी रक्त तेवढं सुधारलं आणि रोग झाकला गेला. शिरा उपाशीच राहिल्या. "इंजेक्शनं घ्यायची. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. आत्ता घेतली तर बरंच परत येईल. उशीर केला तर पाय कायमचे जातील, मग अंथरूण. आणि डोकंही राहणार नाही," ते म्हणाले.

"आन् ती हाक?" साखराबाईनं विचारलं.

"तीही जाईल," डॉक्टर म्हणाले, चांगली बातमी द्यावी तसं.

रक्त तपासायला हैदराबादला गेलं आणि त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन झालं. औषध लाल होतं, डाळिंबाच्या रसागत. तिसऱ्या-चौथ्या इंजेक्शनानंतर जिभेची आग कमी झाली, आठवण ताळ्यावर आली. आणि एका दुपारी ती दार लोटून उभी राहिली, मान वाकवली तर वीज अर्ध्यातच विझली. "अव्वा" आला तो फार लांबून. विहिरीत उतरणाऱ्या माणसानं वर बघून मारावी तशी ती हाक होती.

साखराबाई त्यानंतर दवाखान्यात गेली नाही. फरीदाभाबीनं समजावलं, दटावलं, रडून दाखवलं. ती म्हणाली, "भाबी, एकदा घर पडलं तवा मी तिला सोडून सोलापूरला गेले. आता सोताच्या पायासाठी दुसऱ्यांदा सोडू व्हय? खाली एकटी हाय ती." फरीदाभाबीलाही चार लेकरं होती. तिनं निलंग्याला राहणाऱ्या गुरुबसप्पाला निरोप धाडला.

गुरुबसप्पा आला तेव्हा साखराबाई शेडमध्ये भिंतीला धरून उभी होती. पाय आता पुन्हा लाकडाचे झाले होते. त्यानं सगळं फरीदाभाबीकडून ऐकलं होतं. तो बहिणीसमोर जमिनीवर बसला आणि फरशीवरची रेघ नखानं उकरत राहिला.

"अक्का, ती मातीत न्हाई," तो म्हणाला.

"काय म्हणायलास?"

"त्या दगडाखाली काय बी न्हाई. दगड मी आणून ठिवला. तवा पाऊस लागून राहिला हुता, मुडदे मोजायला माणूस न्हवतं. खड्डं खणायला हात कुठं हुते? पडलेल्या घरांचीच लाकडं रचली, रॉकेल वतलं आन् सगळ्यांना संगं दिलं. लिंगायत, मराठा, मुसलमान, महार, काय उरलं न्हवतं. कांतीला मीच उचलून ठिवलं. तुला कसं सांगू? आपल्यात जाळत न्हाईत. तू दवाखान्यात, पाय मोडलेली. म्हणून माती दिली म्हणलो." त्यानं तोंड झाकलं. "ती खाली न्हाई गं अक्का. ती कुठंच न्हाई."

सात वर्षं साखराबाई दरसाल जीपनं जाऊन त्या दगडापाशी बसली होती, मातीवर हात ठेवून. ऊन लागणारी ती माती नुसतीच उन्हानं तापलेली होती. तिनं भावाकडे बघितलं. राग यायला हवा होता, तो आला नाही. अंगावर काटा मात्र आला. कारण तो बोलत असताना, अगदी त्याच वेळी, तिच्या पायांखाली गुणगुण चालू होती आणि कुणीतरी म्हणत होतं, अव्वा, अव्वा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून फरीदाभाबीचा हात धरून दवाखान्यात गेली. डॉक्टरांना तिनं एवढंच विचारलं, "साहेब, पोर जर खाली नसंल, तर मला बोलवायलंय कोण?"

डॉक्टर आनंदराजांनी तिच्या पायांकडे बोट दाखवलं. "तुमच्याच शिरा, बाई. उपाशी आहेत. त्या ओरडतायत, तुम्हाला पोरीचा आवाज ऐकू येतोय."

"म्हंजे मीच," साखराबाई म्हणाली.

"म्हणजे तुम्हीच."

तिनं दंड पुढं केला. दूध मात्र ती तेव्हाही घ्यायला तयार झाली नाही. डॉक्टरांनीही हट्ट धरला नाही. मग जन्मभर दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागेल, चुकवायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. फरीदाभाबीनं मालिश करू का विचारलं. ते म्हणाले, "करा, बरं वाटेल. पण औषध ते नाही, औषध हे इंजेक्शन. तेल कोमटच ठेवा आणि ते आधी तुमच्या हाताला लावून बघा. त्यांच्या पायाला चटका कळत नाही." शेक द्यायचा नाही, अनवाणी चालायचं नाही, रोज रात्री तळवे उजेडात तपासायचे. शेडमध्ये या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी बांधायची, ती धरून रोज फेऱ्या घालायच्या, पायाला पुन्हा जमीन शिकवायला.

फरीदाभाबीनं हे सगळं नमाजाच्या नेमानं केलं. तिळाचं तेल चोळताना ती सारखी बोलत राहायची, पोरींच्या निकालाबद्दल, कापडाच्या भावाबद्दल, नवऱ्याच्या घोरण्याबद्दल. साखराबाईला खालचं काही ऐकू येऊ नये म्हणून ती बोलत असावी. दोरी धरून फेऱ्या घालणाऱ्या मावशीला पोरी वरून बघायच्या आणि पाठांतर करता करता तिची पावलं मोजायच्या.

पायांतली जाणीव परत येताना सगळ्यात आधी आग आली. तळपायांची अशी लाही की तिला वाटलं रोग वाढला. ही शिरा जाग्या होण्याची खूण असू शकते, असं डॉक्टर म्हणाले. मग भाजलेल्या जागेचं दुखणं आलं, चार महिन्यांनी. मग एके सकाळी फरशीतला बारीक खडा टोचला. डाव्या पायाची दोन बोटं मात्र बधिरच राहिली, ती आजही तशीच आहेत. आणि हाक विरत विरत आठवड्याला एकदा, पंधरवड्याला एकदा अशी यायची. साखराबाई इंजेक्शन चुकवत नव्हती. दंड पुढं करताना डोळे मात्र घट्ट मिटून घ्यायची, आपल्या हातून काहीतरी होतंय असं वाटणाऱ्या माणसासारखी.

फेब्रुवारीतली एक दुपार. पोरींची परीक्षा जवळ आलेली. आमटीला फोडणी द्यायची होती. साखराबाईनं सहज दार लोटलं, चपला काढल्या आणि शेडच्या मधोमध उभी राहिली. दोरी धरली नाही. मान खाली घातली. काही उतरलं नाही. डोळे मिटले. तोल गेला नाही. पायांखाली फरशी होती, गार, सपाट, तिच्यावर ज्वारीचं थोडं पीठ सांडलेलं तेही तळव्याला कळत होतं.

"कांते," तिनं हाक मारली. मग थोडं मोठ्यानं, "कांते गं."

रस्त्यावरून रिक्षा गेली. वर मशीनची टकटक चालू होती. ती तशीच उभी राहिली, ओ येण्यासाठी जेवढं थांबावं लागतं त्याच्या कितीतरी पट. मग खाली बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं फरीदाभाबीची मशीन थांबली.

एक वाजता पोरी क्लासवरून परतल्या. ताटं घेऊन खाली आल्या तर चूल विझलेली, पातेलं रिकामं आणि मावशी फरशीवर बसलेल्या, फरीदाभाबी त्यांना धरून. देगलूरची एक पोर पुढं झाली आणि घाबरत म्हणाली, "मावशी, जेवण?"

साखराबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"आज चूल न्हाई पेटायची, बाळांनो," ती म्हणाली. "आमच्या घरात मयत झालीया. माझी पोरगी गेली."